आईनं घास घेतला, पण माझ्या हातून नाही

मैत्रिणींनो, आज आईला घेऊन परभणीतला एक वृद्धाश्रम बघायला गेले. खोल्या, संडास, धरायचे दांडे, सगळं तपासलं.

आई कालपासून माझ्या हातून घास घेत नव्हती. तिथल्या सेविका सुनीताबाईंनी वरणात भाकरी कुस्करली. “आजी, लय गरम न्हाई, खाऊन बघा.”

आईनं मुकाट्यानं तोंड उघडलं. वर त्यांच्या गालावरून हात फिरवला, “गुणाची लेक माझी!”

मला ते बघवेना. सत्तरच्या दशकात आई मानवतला शिक्षिका होती. तेव्हाही तिची शाबासकी वर्गातल्या पोरींना मिळायची आणि मी जळायचे.

“ताई, जागा पसंत हाय का?” सुनीताबाईंनी विचारलं.

हो म्हणाले आणि बाहेर येऊन रडले.

आपल्या आईला दुसरं कुणी आपल्यापेक्षा नीट सांभाळतंय, हे तुम्हाला सोसलं असतं का?