हरताळाच्या दिवशीचा शेक

संयुक्त महाराष्ट्रासाठी त्या दिवशी मुंबई बंद होती, आणि माझी आई इस्पितळात यायला साफ नकार देत होती.

"संप म्हंजे संप. मशिनीवर जायाचं न्हाई."

"अगं, गिरणीचं मशीन नव्हे ते! तुझ्या गालाला शेक द्यायचं मशीन आहे."

"चालवनारा कामगारच हाय न्हवं? त्याला कामाला लावून मी गद्दार व्हऊ?"

मी कपाळावर हात मारला. आई गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. कांडीवरचं सूत बॉबिनवर जाताना तुटलं की झटकन गाठ मारायची, हे तिचं काम. जन्मभर मिश्री लावली आणि गालाच्या आत कॅन्सर झाला. परळच्या इस्पितळात रोज किरणं देत, त्यालाच आमच्याकडे शेक म्हणायचे. किरणं कुठे सोडायची त्याच्या जांभळ्या रेघा तिच्या गालावर काढलेल्या होत्या. चाळीतल्या बायका बघून पदर तोंडाला लावत. आई मुद्दाम त्यांच्यासमोर नळावर जाऊन उभी राही. डॉक्टरांनी बजावलं होतं, एक दिवसही खंड पाडू नका.

खंड का नाही, हे मला माहीत होतं. बी.एस्सी. होऊन मी एका कॉलेजच्या लॅबमध्ये लागले होते. शेक दिलेल्या कांद्याच्या मुळ्या काचेवर चिरडून, पेशीतल्या तुटलेल्या गुणसूत्रांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. ताबडतोब बघितलं तर तुकडे दिसत. सवड दिली की त्यातले कितीतरी परत जुळलेले असत. आईच्या गालातला कॅन्सरही असाच जुळत असणार, म्हणून मला त्या मुळ्यांचा रागच यायचा.

त्याच रागात मी आईसमोर बसकण मारली. "पेशीच्या पोटात डीएनएचा दोरा असतो. दुपदरी, तुझ्या सुतासारखा. किरणं तो तोडतात. एक पदर तुटला तर?"

"दुसऱ्याच्या आधारानं जोडता येतो."

"आणि दोन्ही एकाच जागी तुटले तर?"

"मग लई अवघड. जोडलं तरी वाकडंतिकडं."

"तेच आपल्याला पाहिजे! कॅन्सरची पेशी मेली पाहिजे. शेकाआधी दंडात सुई देतात ना, ते औषध स्वतः काही तोडत नाही. पण ते पेशीत असलं की त्याच किरणांनी जास्त तुटतं आणि जुळायला जड जातं. तुझ्या चांगल्या पेशी गाठी मारण्यात तरबेज आहेत, त्या सावरतात. कॅन्सरच्या जरा आळशी आहेत, पण त्याही मारतातच. आज तू घरी बसलीस की त्यांना सबंध दिवस मोकळा. त्या नाहीत हो तुझ्या संपावर!"

आईने लुगड्याचा काष्टा नीट केला. "आधी का न्हाई बोललीस, भवाने?"

आम्ही चालत निघालो. नाक्यावर पोलिसाने काठी आडवी धरली. आईने डोक्यावरचा पदर मागे सारून रंगवलेला गाल त्याच्यापुढे केला. "मार, हितंच मार. बाकी समदं मारून झालंय." त्याने काठी खाली घेतली.

इस्पितळात नर्सने सुई दिली, पण शेकाच्या खोलीला कुलूप. मशीन चालवणारा बाहेर बाकावर बसलेला, दंडाला काळी फीत. आमच्याच गिरणगावातला पोरगेला माणूस. आम्हाला बघून उठलासुद्धा नाही.

"मावशी, आज बंद आहे. आपलाच लढा आहे, तुम्हाला सांगायला नको."

मी तोंड उघडणार, तोवर आई त्याच्यापुढे जाऊन ठाकली.

"तुझ्या बंदाला माझा पाठिंबा हाय. पर ह्या गालात जे बसलंय ते मालकाच्या बाजूचं हाय रे. त्ये आज बी कामावर हाय. त्याला सूट देतोस?"

तो वरमला. खिशातून किल्ली काढली आणि दुसऱ्या हाताने दंडावरची फीत सोडायला लागला.

आईने त्याचा हात धरला. "फीत काढू नगंस. ऱ्हाऊ दे तशीच, आन् बटन दाब."