रिपोर्ट नॉर्मल, पोरगी गप्प

"हिला डिप्रेशन आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"अवो, अकरा वर्षांची हाय ती," मी म्हणाले.

"लहान मुलांनाही होतं."

डिप्रेशन म्हणजे मनाचा आजार. उदासी इतकी खोल बसते की जेवण, खेळ, बोलणं सगळं नकोसं होतं. हे मला त्या दिवशी कळलं. त्याआधी दोन महिने मी माझ्या आरतीला आळशी म्हणत होते.

आम्ही पाथर्डी तालुक्यातले. दिवाळी झाली की ऊसतोडीला कोपरगावकडं जातो. कारखान्याजवळ माळावर कोप्या, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्याच्या झोपड्या, घालून आमचा तळ पडतो. मी आणि मालक, म्हणजे आरतीचे वडील, पहाटेच उसाच्या फडात जायचो. आरती तान्ह्या बहिणीला सांभाळत कोपीत राहायची. तिची शाळा आणि मैत्रिणी गावी राहिल्या होत्या.

आधी तिचं पोट दुखायला लागलं. मग जेवण तुटलं. एकदा मी फडातून आले, तर बारकी रांगत चुलीपाशी पोचलेली आणि ही नुसती बघत बसलेली. मी तिला मारलं. ती रडलीसुद्धा नाही. तेव्हा मी घाबरले.

पहिल्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. दुसऱ्यांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, म्हणजे यंत्रानं पोटाच्या आत पाहिलं. म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल आहेत. नाटक करतेय पोरगी."

नॉर्मल म्हटलं की माझं डोकं फिरायचं. नॉर्मल आहे, तर जेवत का नाही?

सरकारी दवाखान्यात नाव नोंदवायच्या खिडकीवर पत्ता विचारायचे. गावचा सांगितला, तर "तिकडंच दाखवा." तळाचा सांगितला, तर "हा काय पत्ता झाला?"

शेवटी एका नर्सबाईनं चिठ्ठीवर लिहून दिलं, 'सायकियाट्री'. मनाच्या आजारांचा विभाग. मालक भडकले, "आपली पोर येडी हाय का?" मी एकटीच तिला घेऊन एसटीनं नगरला गेले. तिथं कळलं, मुलांच्या मनाच्या डॉक्टर फक्त मंगळवारी बसतात. त्या दिवशी गुरुवार होता. परत आलो, मंगळवारी पुन्हा गेलो.

डॉक्टरीणबाई आरतीशी बराच वेळ एकट्याच बोलल्या. मग मला म्हणाल्या, "गोळ्या लगेच नकोत. काउन्सेलिंग करू, म्हणजे दर आठवड्याला तिच्याशी बोलत राहू. पण तिला एका जागी ठेवा. शाळेत जाऊ द्या. बाळाचा भार तिच्यावर नको."

"बाई, तुमी सांगता सोपं. आमचं पोट तळावर हाय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "त्याचं औषध माझ्याकडं नाही," म्हणाल्या. निदान खोटं तरी बोलल्या नाहीत.

तोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. मी गावी जाते म्हटल्यावर आमच्या टोळीचा मुकादम ओरडला, "अर्धा कोयता चालत न्हाई!" मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "भावाला बोलावलाय जोडीला. तू पोरींना घेऊन जा."

गावी आलो. आरती शाळेत जाऊन मागच्या बाकावर बसायची. दर मंगळवारी नगर. पाच मंगळवार गेले, काही फरक नाही. मी चिडून विचारलं, "हे नुसतं बोलून काय व्हनार?" बाई म्हणाल्या, "तुम्ही यायचं थांबू नका, एवढंच करा."

मग एका दुपारी आरतीनं ताट सरकवलं. "किती खारट केलंय! मी न्हाई खानार!"

किती महिन्यांनी तिचा आवाज चढला होता. मी पदर तोंडाला लावून हसले, रडले आणि दुसरी भाजी टाकली.

ती अजून पूर्ण बरी नाही. काही दिवस पुन्हा गप्प होते. माझा रागही गेलेला नाही. तळावरच्या इतर पोरांना कोण विचारणार? पण त्या नर्सबाईचे, डॉक्टरीणबाईंचे उपकार मी विसरणार नाही. माझ्यासारख्या आयांना एवढंच सांगते, पोर गप्प झालं तर आधी त्याच्याजवळ बसा. मी हात उगारला होता. तो मार आरतीला आठवतो की नाही, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.