टेबलावर चिकटवलेले बारकोड

गोदामातला शिफ्ट इन्चार्ज माझ्याशी पहिल्यांदा मराठीत बोलला ते असं: "अरे, मराठी का तुम्ही? आडनाव काय?"

मी सांगितलं.

"अच्छा. मूळचे कुठले?"

"अमरावतीचे."

"अच्छा, अच्छा," म्हणाला, आणि त्यानंतरचं सगळं हिंदीत.

आम्ही बौद्ध. बाबा सरकारी नोकरीत, म्हणून बिऱ्हाड गाझियाबादला. बाबा म्हणतात, दिल्लीत मराठी माणूस भेटल्याचा आनंद आडनाव सांगेपर्यंतच टिकतो. त्यामुळे मला धक्का वगैरे बसला नाही. हा माणूस किती पाण्यात आहे ते पहिल्याच आठवड्यात कळलं, बरं झालं.

काम साधं होतं. ऑनलाइन मागवलेला माल टोपल्यांतून आमच्या टेबलापर्यंत यायचा. प्रत्येक वस्तूचा बारकोड स्कॅनरखाली धरायचा. ऑर्डरशी जुळला की बीप, नाही जुळला की स्क्रीन लाल. मग वस्तू खोक्यात, खोक्याला टेप, वर पत्त्याचं लेबल.

त्या लाल स्क्रीनचा इन्चार्जला फार जाच व्हायचा. लाल झाली की थांबायचं, चुकीची वस्तू परत पाठवायची, योग्य ती शोधून आणायची. तोवर भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर त्याच्या शिफ्टचा वेग घसरायचा. त्या आकड्याखाली उभा राहून तो स्वतःचे फोटो काढायचा. शेवटी साहेबांनी शोध लावला. जास्त खपणाऱ्या मालाचे बारकोड कागदावर छापून आणले आणि टेबलाटेबलावर चिकटवले. वस्तूवरचा कोड शोधत बसू नका, कागदावर स्कॅनर मारा आणि वस्तू खोक्यात टाका. म्हणजे खोक्यात काय चाललंय ते मशीनला कळायचंच नाही. हे समजावताना त्याचा चेहरा असा होता, जणू उद्या दिल्लीत त्याचा सत्कारच आहे.

मी माझ्या टेबलावरचा कागद काढून टाकला. शेजारी बिहारची एक मुलगी पॅकिंग करायची. ती हळूच म्हणाली, "दीदी, लगा लो ना. सर चिल्लाएँगे."

ओरडलाच. "मॅडम, यहाँ पिकनिक चल रही है क्या?" भिंतीवरच्या यादीत मी रोज तळाला. रोज तो मला बोटाने ती जागा दाखवायचा. इतका वेळ त्याने माल बघण्यात घालवला असता तर काही बिघडलं नसतं.

एप्रिलमध्ये शाळांचे काळे बूट आले. चार नंबर आणि पाच नंबर, दोन्हींचे डबे बाहेरून सारखेच. फरक फक्त बारकोडच्या पट्टीत, आणि पट्टीकडे तर कुणी बघतच नव्हतं. थोड्याच दिवसांत परत आलेल्या बुटांचा ढीग दारापर्यंत पोचला. इन्चार्जने ढिगाकडे पाहिलं आणि म्हणाला, "आजकल लोगों को अपने बच्चों के पैर का नाप तक नहीं मालूम." गंमत करत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

मग गुरुग्रामच्या ऑफिसमधून एक मॅडम चौकशीला येणार असं कळलं. त्या सकाळी इन्चार्ज माझ्या टेबलाशी आला. आवाज एकदम मऊ.

"काय ताई, घरी सगळे बरे ना?"

मी टेप ओढत राहिले.

"आपण दोघंच मराठी इथे. परमुलखात एकमेकांना सांभाळून घ्यायला हवं. तुम्ही कागद वापरत नाही, म्हणजे तुमच्यावर काही येणार नाही. फक्त एवढंच सांगा, की पोरींनी ते आपल्या मनानेच चिकटवले."

आडनाव ऐकून गिळलेली मराठी अशी अचानक बाहेर आली. मला हसू आलं. किळसही आली.

मॅडम आल्या. एका टेबलावरचा कागद नखाने खरवडत त्यांनी विचारलं, "ये किसने लगाया?" सगळ्याजणी जमिनीकडे बघू लागल्या. इन्चार्ज माझ्याकडे बघत होता, अगदी घरच्यासारखा.

"सर ने," मी म्हणाले. "सबके सामने लगवाए थे. और आज सुबह मराठी में मुझसे कह रहे थे कि नाम लड़कियों का ले लूँ."

तो हसला. "मॅडम, ये तो ट्रेनिंग के लिए थे."

"ट्रेनिंग में जूते भी भेजे थे क्या?" हे मी नाही, त्या बिहारच्या मुलीने विचारलं. तोपर्यंत तिचा चढा आवाज गोदामात कुणी ऐकला नव्हता.

कागद त्याच दिवशी निघाले. तो मात्र नोकरीवरून गेला नाही. असली माणसं जात नसतात. महिन्याभरात त्याची गुरुग्रामच्या काचेच्या इमारतीत बदली झाली, मोठ्या हुद्द्यावर. जाताना पेढे वाटले. माझ्यासमोर डबा धरून म्हणाला, "लीजिए मॅडम." पुन्हा हिंदी.

"हात खराब आहेत," मी मराठीत सांगितलं आणि बुटांचा पुढचा जोड स्कॅनरखाली धरला. स्क्रीन लाल झाली. चार नंबरच्या ऑर्डरीत पाच नंबर आला होता. तो पेढ्यांचा डबा घेऊन तसाच उभा होता, आणि मी चार नंबर शोधायला रॅककडे निघून गेले.