वीरचक्रवाल्याची बहीण

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या तिरुवल्लिकेणी भागातल्या देवळाबाहेर फुलं घेत होते. भाचा म्हणाला, "आत्या, बाबा झोपेतच गेले." फुलवालीला मी म्हटलं, माझा भाऊ गेला. तिनं विचारलं, "तो विमानवाला?" त्या क्षणीसुद्धा आत काहीतरी टोचलं... याच गल्लीतल्या पोरांना मी आयुष्यभर गणित शिकवलं, पण इथं माझी ओळख विमानवाल्याची बहीण हीच.

लहानपणी गणित माझं चांगलं, त्याचं कच्चं. विमान चालवायचं स्वप्न दोघांचंही. पण मुलींना तेव्हा ते दार बंद होतं. आमच्या वडिलांनी, अप्पांनी, हसून विषय संपवला. तो विमानदलात गेला, मी शाळेत. एकाहत्तरच्या युद्धानंतर त्याला वीरचक्र मिळालं. आई आल्यागेल्याला ते कौतुकानं दाखवायची. माझ्या शाळेचं नाव मात्र तिला धड सांगता यायचं नाही. युद्धात काय झालं असं मी विचारलं की अण्णा म्हणायचा, "काही नाही गं, विमान परत आणलं."

तेराव्याला राघवन आले. त्या विमानात अण्णाला दिशा सांगणारे तेच. कॉफीचा पेला हातात धरून ते तमिळमधून सांगू लागले. "अम्मा, गोळे लागले, एक इंजिन पेटलं. माझ्या मांडीत पत्रा घुसलेला, मला उडी मारता येत नव्हती. मी म्हटलं, तू मार. तो म्हणाला, गप्प बस, धावपट्टी किती लांब आहे ते सांग. मी सांगितलं, की किती मिनिटं लागतील त्याचा हिशेब चुकवायचा आणि पुन्हा विचारायचा. मला शुद्ध राहावी म्हणून विचारतोय, हे उतरल्यावर कळलं."

"गणित कच्चंच होतं त्याचं," मी म्हटलं.

"हो अम्मा. हिशेब मुद्दाम चुकवत होता की खरंच चुकत होता, ते मात्र शेवटपर्यंत समजलं नाही." ते हसले आणि डोळे पुसू लागले.

मला त्यांचा हेवा वाटला. पदकाचाही कधी एवढा वाटला नव्हता. माझ्या भावाचं सगळ्यात मोठं धाडस या माणसानं शेजारी बसून पाहिलं. माझ्या वाट्याला "काही नाही गं" एवढंच आलं.

म्हातारपणी अण्णा मला संध्याकाळी मरीनाच्या समुद्रकिनाऱ्यावर न्यायचा. वाळूत उभं राहून बोट ओलं करायचा, वर धरायचा आणि वारा कुठून येतोय ते सांगायचा. आता मी एकटी जाते, बोट ओलं करते. काल शेजारी एक मुलगा धाकट्या बहिणीला हात धरून लाटांकडे नेत होता... मला तिचाही हेवा वाटला.