खाडीवरची पाटी आणि बाबांची पेज

बाबा दुबईला आले तेव्हा त्यांच्या बॅगेत कपडे कमी आणि तांदूळ जास्त होते. उकडे तांदूळ, कोकमाच्या आगळाची बाटली, तिरफळं, सुक्या मिरच्या, आणि लुंगीत गुंडाळलेली त्यांची गरी, म्हणजे दोरा, गळ नि शिशाचं वजन. विमानतळावरच्या माणसाने बॅग उघडायला लावली. तिरफळ चिमटीत धरून त्याने विचारलं, "ये क्या है?" बाबा म्हणाले, "मसाला. मच्छी का." त्याने हुंगून पाहिलं, मान डोलावली आणि चेन लावून दिली. हे सगळं बाबा गाडीत बसल्याबसल्या कौतुकाने सांगत होते. माझा मात्र तांदूळ ऐकूनच पारा चढला होता. तो कशाला आणलाय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं अन्न खात नाहीत. हल्ली कुणी पाळत नाही. माझ्या आईने मात्र ते नुसतं पाळलं नाही, तर त्याचा नवसच करून टाकला. लेकीच्या घरात मूल दिसलं की मगच तिच्या घरी जेवेन, म्हणाली. माझी कूस काही उजवली नाही. इथले डॉक्टर झाले, मुंबईचे झाले, कुणी सांगितलेली पथ्यं झाली, आणि एके दिवशी मी आणि नवऱ्याने सगळ्या फायली माळ्यावर टाकल्या. आई त्याआधीच गेली. माझ्या घरचा चहासुद्धा न पिता गेली. आता तो नवस बाबांच्या गळ्यात होता. ते जेवले असते तर त्याचा अर्थ असा झाला असता की त्यांनी आशा सोडली, आणि तेवढ्यासाठी ते उपाशी राहायलाही तयार होते. मला मात्र एवढंच हवं होतं, की माझ्या बापाने माझ्या टेबलावर बसून माझ्या हातचं जेवावं. यात मी जगावेगळं काय मागत होते?

पहिल्याच सकाळी त्यांनी स्वयंपाकघरात येऊन कायदे समजावून सांगितले. सगळी हयात प्राथमिक शाळेत मास्तरकी केलेला माणूस, त्यांचं सगळं असं कलमवार. "तांदूळ माझे. मासळी मी पकडीन. शिजव तू, त्याला हरकत नाही. गॅस काही मी खात नाही."

"आणि पाणी?" मी विचारलं. "पाणी तर माझ्या नळाचं."

"जावईबापू म्हणाले, इथलं पाणी समुद्राचं गोडं करून देतात. समुद्र काय तुझ्या मालकीचा आहे?"

नवरा पेपरामागे तोंड लपवून हसत होता. तो घाटावरचा. मासे खायला लग्नानंतर शिकला, आणि काटे अजूनही मीच काढून देते. पण बाबांचं नि त्याचं मेतकूट पहिल्या दिवसापासून असं जमलं होतं, की मी कुणाची कोण असा प्रश्न पडावा.

त्या काळात आम्ही अल कुसैसला राहायचो. शुक्रवारची सुट्टी. पहाटे गाडी काढायची, शारजा, अजमान मागे टाकायचं आणि एका खाडीच्या तोंडाशी जाऊन गळ टाकून गरवायला बसायचं, हा माझा लग्नाआधीपासूनचा छंद मी तिथे पुन्हा सुरू केला होता. गरवायला मला बाबांनीच शिकवलेलं, घरामागच्या खाडीत, फ्रॉक घालायच्या वयात. नवरा सोबत यायचा, खुर्ची टाकायचा आणि झोपायचा. तिथे शुक्रवारी हौशी लोकांची जत्राच असायची. लांबलचक काठ्या आणि चकचकीत रीळ घेतलेले फिलिपिनो, आपापल्या कंपनीच्या टोप्या घातलेले मल्याळी, आणि त्यांत आमचे बाबा. लुंगी वर खोचलेली, काठी नाही, रीळ नाही, बोटाला दोरा गुंडाळलेला.

"चाचा, रॉड नहीं?" एका मल्याळ्याने विचारलं.

"उंगली है," बाबा म्हणाले.

त्या उंगलीला काय कळायचं देव जाणे. कोलंबीचं आमिष लावून ते दोरा सोडायचे आणि डोळे मिटून बसायचे. मी तिथे कितीतरी हंगाम बसले होते, पण पहिल्याच शुक्रवारी त्यांनी माझ्या दुप्पट मासळी काढली. त्या खाडीचा नियम तिथल्या पाटीवर लिहिलेला होता, आणि साधा होता. हौशी माणसाने घरच्यापुरती मासळी न्यावी, बारकी असेल ती परत सोडावी, जाळं लावू नये. बाबांनी पाटी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. नियम म्हटला की त्यांना बरं वाटायचं.

त्या दुपारी आमच्या घरी सोहळा झाला. मी त्यांच्या मिरच्यांचं वाटण केलं, त्यांची तिरफळं ठेचली, त्यांचा भात शिजवला. खोबरं मात्र माझ्या फ्रीजमधलं होतं, आणि ते मी त्यांना सांगितलं नाही. हमूर, म्हणजे आपला गोबरा, त्याचं तिखलं झालं. बाबा टेबलाशी येईनात. खाली चटई टाकून, भिंतीला टेकून बसले. टेबलाशी बसलं म्हणजे तुझा पाहुणा झालो, हे आणखी एक कलम. शेवटी आम्ही दोघंही ताटं घेऊन खाली बसलो. बाबांनी काटा न् काटा चोखून खाल्ला, आणि जावयाच्या ताटातले काटेसुद्धा त्यांनीच काढून दिले. मला इतका आनंद झाला होता, की माझ्या घरचं जेवण नसलं तरी चालेल, असं मी स्वतःला समजावून टाकलं.

पुढचे काही शुक्रवार असेच गेले. शुक्रवारची मासळी मी साफ करून फ्रीझरमध्ये टाकायची, ती बाबांना आठवडाभर पुरायची. बाबा खुलले. अरबी दुकानदाराला सलाम करू लागले, खालच्या ग्रोसरीवाल्याशी दिरहमचे रुपये करत वाद घालू लागले. संध्याकाळी बाल्कनीत बसून दोऱ्याच्या गाठी सोडवताना गुणगुणायचे. आई गेल्यापासून मी त्यांचं गुणगुणणं ऐकलं नव्हतं.

आणि ऐन हंगामात, मार्च लागता लागता, पाटी बदलली.

आम्ही गाडीतून उतरलो तर जुन्या पाटीवर नवी ठोकलेली. शेजारी पिकअपला टेकून एक अमिराती पोरगा उभा होता, पांढराशुभ्र पायघोळ कंदुरा, हातात चहाचा कागदी कप. तिथला देखरेखीवाला. हिंदी छान बोलायचा. म्हणाला, गळ टाका, बसा, मजा करा, पण मिळेल ती मासळी पाण्यात परत. उन्हाळा लागेपर्यंत एकही घरी न्यायची नाही.

"अभी तक तो चलता था," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"अभी बदल गया, सिस्टर. खलास."

बाबांना मी मराठीत सांगितलं. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. हंगामाच्या मधे नियम बदलतो, ही कल्पनाच त्यांच्या डोक्यात शिरेना. "आपल्याकडे समुद्र बंद म्हणजे बंद. पुनवेला नारळ पडला की सुरू. मधेच फिरवाफिरवी नाही. हा काय पोरखेळ आहे?" मग म्हणाले, "पण पाटी आहे म्हणतेस ना? मग झालं." आणि दोऱ्याची गुंडाळी पिशवीत ठेवून दिली.

त्या आठवड्यात फ्रीझर रिकामा झाला आणि बाबा पेजेवर आले. सकाळी पेज, दुपारी भात आणि आगळ, रात्री पुन्हा पेज. तोंडी लावायला सुकी मिरची भाजून. मी बाजारातून ताजी सुरमई आणली, तर ती तुझी. नवऱ्याने युक्ती काढली, तुम्हीच बाजारात चला, तुम्हीच विकत घ्या. बाबा म्हणाले, "विकतच्याला पैसा लागतो, घाम लागत नाही." मी पातेली आपटायला लागले. टेबलावर मी नि नवरा भेंडीची भाजी, वरण, पोळ्या खातोय आणि खाली भिंतीला टेकून म्हातारा बाप मिठाची पेज पितोय, हे बघून मी ताट सारून उठायचे. एकदा मी तोंडावर म्हटलं, "आई गेली. तिचा नवसही गेला. मला मूल होणार नाही, बाबा. डॉक्टरांनी सांगून झालंय. तुम्ही कुणासाठी उपाशी राहताय?"

ते म्हणाले, "तसं बोलू नये, बाय." आणि पेजेचा वाडगा धुवायला उठले.

त्यांचा व्हिसा संपत आला होता. शेवटच्या शुक्रवारी ते स्वतःच म्हणाले, "चला, नुसतं बसून येऊ. सोडून द्यायची तर सोडून देऊ." खाडीवर माणसं तुरळक. हौशी लोकांना मासळी न्यायला मिळेना म्हटल्यावर निम्मे घरी झोपले होते. देखरेखीवाल्या पोराची पिकअप लांब, टोकाला. बाबांनी दोरा सोडला, डोळे मिटले, आणि अर्ध्या तासात त्यांचं बोट पांढरं पडेपर्यंत दोरा ताणला गेला. नवरा खुर्चीवरून उठून धावला. दोघांनी मिळून ओढून आणली ती शेरी. तिथले लोक जीव टाकतात ती मासळी, चांगली हातभर, आणि पोट टम्म.

मी इकडेतिकडे पाहिलं, मासा उचलला आणि आमच्या बर्फाच्या डब्यात टाकून झाकण लावलं. त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. त्या डब्यात माझ्या बापाचं जेवण होतं.

"बाय, काढ ती बाहेर."

"कोण बघतंय?"

"मी बघतोय ना."

"तुम्ही परवा जाणार. पुन्हा कधी येणार? एक दिवस तरी माझ्या घरी पोटभर जेवा. एक दिवस." मी डब्यावर बसले होते. चाळिशीकडे झुकलेली बाई, डब्यावर बसून बापाशी भांडत होते.

तेवढ्यात पिकअप आलीच. पोराने काच खाली केली. बाबा माझ्याकडे बघेनात. त्यांनीच माझा दंड धरून मला उठवलं, झाकण काढलं आणि शेरी दोन्ही हातांवर घेऊन त्याला दाखवली. तो उतरला. रागावेल असं वाटलं, पण त्याने दोन बोटं माशाच्या पोटावर ठेवली, हळूच दाबली. "चाचा, देखो. बच्चा है इसमें. इस साल बहुत कम बचा है, इसलिए हमने बीच में बदला. हमको भी अच्छा नहीं लगता बीच में बदलना."

"मतलब," बाबांनी आपल्या मास्तरी हिंदीत विचारलं, "कारण दिखा, तो बदला?"

"हाँ. कारण दिखा तो बदलना पड़ता है ना, चाचा."

बाबा गुडघाभर पाण्यात उतरले. मासा पाण्यात धरून तो सावध होईपर्यंत पुढेमागे हलवत राहिले, जसं न्हाणीघरात तान्ह्याला धरतात तसं. मग हात उघडले. शेपटीचं पाणी त्यांच्या चष्म्यावर उडालं.

घरी येऊन मी कणीक मळली. सकाळचं वरण होतं, दुधी होता, तो चिरून फोडणीला टाकला. बाबांच्या पेजेचं पातेलं मी ओट्यावर मुद्दाम आपटून ठेवलं. नवऱ्याने दोघांची ताटं घेतली. मी हाक मारली, "बाबा, पेज झाली."

ते आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आले. चटईकडे गेले नाहीत. टेबलाची खुर्ची ओढली आणि बसले.

"वाढ," म्हणाले.

"पेज?"

"तुम्ही काय खाताय ते." मग माझ्याकडे न बघता टेबलावरचं पाण्याचं भांडं सरळ करत म्हणाले, "त्या पोराचं बरोबर आहे. कारण दिसलं की मधेच फिरवायला हरकत नसते. तुझ्या आईने म्हटलं होतं, लेकीच्या घरात मूल दिसलं की जेवायचं. मी इतके दिवस भलतीकडे बघत होतो." नवऱ्याने मान खाली घातली. "मूल आहे की या घरात. माझं."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. नवऱ्याने तो काढून घेतला आणि त्यानेच त्यांना वाढलं. पोळी, दुधी, वरण, वर तूप. बाबांनी ताटाभोवती पाणी फिरवलं, डोळे मिटले, आईला काहीतरी सांगितलं असावं, आणि पहिला घास घेतला. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. ते सावकाश चावत होते.

"मीठ कमी आहे, बाय," म्हणाले.

मी मीठ आणायला उठले. ओट्याशी मिठाची बरणी हातात धरून उभी राहिले आणि ढसाढसा रडले. बाहेरून दुसऱ्यांदा हाक आली, या वेळी जरा चढ्या आवाजात, लहानपणी शाळेला उशीर झाला की यायची तशी. मग डोळे पुसून मी त्यांना मीठ वाढलं.