तेलविहिरीत पाणी सोडणारे काका

बाळांनो, घट्ट दगडात अडकलेलं तेल पाणी दाबून बाहेर काढतात, असं तुमच्यातल्या थोरल्याने नोकरीवरून लिहिलं आहे. ते वाचून धारचे आमचे शेजारी काका आठवले. त्यांना ओळखणारी आता मीच उरले, म्हणून लिहिते.

"हळू. दगडाला सवड द्या," हे त्यांचं पालुपद. काकूंनी ताक भराभर ओतलं तरी तेच. काकू फणकारायच्या, "दगडालाच द्या सवड. मला कधी दिलीत?"

ब्रह्मदेशातल्या तेलविहिरींवरची चांगली नोकरी सोडून काका एकाएकी परतले होते. का, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

एकदा आम्हां मुलींना दाखवायला त्यांनी बागेकडचा वाळूचा दगड कुटला, दिव्याच्या काचेत ठासून भरला, त्यात गोडं तेल जिरवलं. मग रंगपंचमीच्या पितळी पिचकारीने खालून पाणी दाबू लागले. वर तेलाचा थेंब आला. बऱ्याच वेळाने दुसरा.

आमचे आबा दरबारचे कारकून, थट्टेखोर. माळवी ढंगात म्हणाले, "जोर लगाव भिया! आज दिवा लागेल की उद्या?"

सगळे हसलो. काका ओशाळले आणि त्यांनी दट्ट्या एकदम रेटला. काचेच्या कडेने वाट फोडून नुसतं पाणी वर आलं. तेल वाळूतच राहिलं.

त्यांनी पिचकारी खाली ठेवली. "तिथेही मी हेच केलं, आबासाहेब."

तिथल्या साहेबाने तेलविहिरीत पाणी थोडं थोडं सोडायला सांगितलं होतं. तो येण्याआधी करामत दाखवावी म्हणून यांनी पंप पुरा सोडला. पाणी दगडातल्या भेगेतून थेट शेजारच्या तेलविहिरीत गेलं. ती एका बर्मी कुटुंबाची, हातांनी खणलेली. तिच्यावरच त्यांचं पोट होतं. त्यानंतर तिच्यातून पाणीच निघालं.

"मग त्यांना काय सांगितलंत?" आबांनी विचारलं.

"काही नाही. न भेटताच बोटीत बसलो."

काकू दारात उभ्या होत्या. त्याही हे पहिल्यांदाच ऐकत होत्या. "तर मग जाऊन भेटा," एवढंच म्हणाल्या.

पुढच्याच महिन्यात काका ब्रह्मदेशात परत गेले आणि तिकडेच तापाने वारले. वारल्याच्या तारेमागून काकूंना लाखकाम केलेला पानाचा डबा आला. तो त्या बर्मी घरच्या म्हातारीने पाठवला होता. काकू पान खात नसत. त्यांनी तो माझ्या आईला दिला.

डबा माझ्याकडे आहे. रंग उडाला आहे, पण झाकण अजून नीट बसतं.