मास्तरांचं पांढरं पान

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या मास्तरांचं निम्मं काम हातांनी चालायचं आणि निम्मं तोंडाने. लांबलांबच्या शिवणकाम करणाऱ्या बायका फोन करायच्या. मास्तर आधी रागवायचे, मग उपाय सांगायचे. घशाचं ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण आवाज गेला. हातात पाटी-पेन्सिल आली आणि फोन वाजायचा थांबला. मुक्याला फोन करून करायचं काय? आपण आता कुणाच्याच उपयोगाचे नाही, असं मास्तरांच्या मनाने घेतलं. दुकानात ते नुसतेच बसून राहू लागले.

लेकीला हे बघवेना. तिने बाबांसाठी वेबसाइट केली. पहिली अगदी लग्नघरासारखी नटवलेली होती: सरकते फोटो, गरगर फिरणारं चाक, वर संगीत. मास्तरांची मेहुणीही शिवणकाम करायची. तिचा फोन जुना, रेंज जेमतेम. तिने ठणकावून सांगितलं, "भाऊजी, तुमची वेबसाइट उघडेपर्यंत माझं एक झबलं शिवून झालं!"

"बरं बाई, सगळं काढते," लेक म्हणाली. उरलं एक पांढरं पान. त्यावर ठसठशीत काळी अक्षरं आणि मशीनची एकोणीस दुखणी, उपायांसकट, एकाखाली एक. पापणी लवायच्या आत उघडायचं. पण मजकूर तिने फार शिस्तीत लिहिला होता: 'कृपया सुईची दिशा तपासावी.'

मास्तरांनी पाटीवर लिहिलं, 'असं मी जन्मात बोललो नाही.'

मग आठ दिवस बसून त्यांनी सगळं स्वतः लिहून काढलं आणि लेकीने ते जसंच्या तसं चढवलं. 'धागा तुटतोय? सुई उलटी लावली असणार. मशीनला नावं ठेवू नका.' 'चाक जड झालंय? खरं सांगा, डोक्याचं तेल घातलंत ना? ते डोक्यालाच ठेवा. आता आधी रॉकेलने पुसा, मग मशीनचं तेल घाला.'

तीन आठवडे कुणाचाच काही निरोप नाही. मास्तर दिवसातून दहादा फोन बघायचे आणि आपण बघतच नाही असं दाखवायचे. मग एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा मेसेज आला.

'मास्तर, चाक हलेना म्हणून तुमचं पान उघडलं. तेल डोक्याचंच घातलं होतं, चोरी पकडलीत. वाचताना तुमचाच आवाज कानात आला हो. किती दिवसांनी रागावलात!'

मास्तरांनी ते तीनदा वाचलं आणि फोन बायकोपुढे धरला. तिचे डोळे भरून आले, पण ती गप्प बसते थोडीच! म्हणाली, "जन्मभर ओरडलात, तो आवाज असा सहजासहजी जातोय होय?"

डॉक्टरांनी जीव वाचवला, पण बोलणं लेकीने परत दिलं, असं मास्तरांना वाटलं. पोरीचे हे उपकार या जन्मी तरी फिटायचे नव्हते. डोळे पुसून त्यांनी एका बोटाने उत्तर लिहिलं.

'गोड बोलणं पुरे. चाक फिरलं का, ते सांगा.'